तापाच्या रकान्यात

भावाच्या जात पडताळणीसाठी अकोल्याच्या तहसीलमधून आम्ही कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या वहीची, नक्कल काढली. भाऊ जातीची नोंद वाचत होता. माझी नजर पुढच्या रकान्यात अडकली. साल १९१८, महिना ऑक्टोबर, पणजीचं नाव आणि मरणाचं कारण: ताप.

मी अमरावतीच्या एका रुग्णालयात रेकॉर्ड विभागात कोडिंग करते. सुटी झालेल्या पेशंटचा केसपेपर माझ्याकडे येतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला मी आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड देते. हे काम संगणकासोबत आलं असं सगळ्यांना वाटतं, पण त्याचं मूळ या कोतवाल बुकातही आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पुढे गावोगावची मरणं सरकारदरबारी नोंदली जाऊ लागली. कारणं मोजकीच: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा, इतर. प्लेग आल्यावर त्याचीही भर पडली. डॉक्टरनं तपासलेलं मरण विरळाच. घरचे सांगतील ते कारण लिहिलं जायचं. त्यामुळे हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग असं किती काय 'तापा'त गेलं.

१८९३ मध्ये शिकागोत जाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. माझ्या टेबलावरची आयसीडी तिचीच वंशज. पण १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात देशातल्या सर्वांत भयंकर मृत्युदरांपैकी एक गाठला, तेव्हा गावच्या वहीत त्या रोगाला रकानाच नव्हता. नंतर हिशेब करणाऱ्यांना नेहमीच्या वर्षांतले तापाचे मृत्यू वजा करून साथीचे बळी काढावे लागले. माझी पणजी त्या वजाबाकीत आहे.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ भरतात. त्यात वरच्या ओळीत मरणाचं तात्कालिक कारण, त्याखाली ते कशानं झालं, त्याखाली तेही कशानं. कोडिंगमध्ये खरं मोल सगळ्यांत खालच्या ओळीला. आणि कित्येकदा तीच कोरी असते. वर फक्त 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो! तो कागद हातात आला की मला कोतवाल बुकातला ताप आठवतो. मी डॉक्टरांकडे शंका पाठवते, पुन्हा पाठवते. मनानं रोग लिहिण्याचा अधिकार मला नाही, नसावाच.

कपाशीच्या दिवसांत हे काम जड जातं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, आपल्या अकोल्याकडेही ती झळ पोचली. कीटकनाशकाची विषबाधा टी ६०; पण ती कशी झाली याचा कोड वेगळा. अपघातानं तर एक्स ४८, स्वतः घेतलं तर एक्स ६८, हेतू ठरलाच नाही तर वाय १८. एकदा केसपेपरवर नुसतं 'पॉयझनिंग' होतं. पेशंटची आई रेकॉर्डच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "त्यानं पेलं नाई, मॅडम. फवारता फवारताच चक्कर आली त्याले." सरकारी मदत माझ्या कोडवर ठरत नाही, तिथं पोलिसांचे कागद आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. तरीही मी तो केसपेपर घेऊन वॉर्डात गेले आणि 'फवारणी करताना' हे दोन शब्द डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहीपर्यंत तिथून हलले नाही.

भावानं नक्कल फाइलला लावली. मी तिची झेरॉक्स ठेवून घेतली. पणजी त्या साथीत गेली, हे आजी सांगायची. पण कागदावर ताप लिहिलाय, आणि लिहिलेल्यालाच कोड द्यायचा असतो. म्हणजे तिला मी आर ५०.९ देणार: ताप, कारण अनिश्चित.