मिश्रणाआधीचा पाठ

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात आम्ही जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले होते. एका आजींचा आवाज, जात्याची घरघर आणि नंतर आम्हीच हौसेने जोडलेली तानपुऱ्याची साथ, असे तीन ट्रॅक संगणकात होते. स्नेहसंमेलनासाठी त्यांची एकच फाइल केली आणि जागा अडते म्हणून मूळ प्रकल्प पुसून टाकला. पुढे एका विद्यार्थिनीला आजींचे उच्चार अभ्यासायचे होते. पण तानपुऱ्याखाली बुडालेले शब्दांचे शेवट काही केल्या वर येईनात. आजी तोवर गेल्या होत्या. आपण नेमके काय पुसले, हे उमगण्यासाठी ट्रॅक या कल्पनेचा इतिहास पाहावा लागतो.

अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ साली ‘लव्हर’ या रचनेत स्वतःच्याच वादनाचे थर तबकड्यांवर एकावर एक चढवले. नंतर ते हेच फितीवर करू लागले. जुना आवाज ऐकत नवा वाजवायचा आणि दोन्ही मिळून त्याच फितीवर पुन्हा नोंदवायचे, अशी ती रीत होती. आधीची नोंद त्यात पुसली जाई, आणि शेवटच्या थरात चूक झाली तर सारेच वाया जाई. एका अर्थी ती धूळपाटीच होती. १९५७ मध्ये अ‍ॅम्पेक्स कंपनीने त्यांना आठ ट्रॅकचे यंत्र दिले. आता एकाच फितीवर आठ समांतर वाटा आल्या. एका वाटेवरची चूक दुसरीला न दुखावता सुधारता येऊ लागली.

लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ (१९६७) मात्र चार ट्रॅकच्या यंत्रांवरच घडला. चारही वाटा भरल्या की त्यांचे मिश्रण दुसऱ्या फितीच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या वाटा नव्या वाद्यांसाठी मोकळ्या करायच्या. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांना प्रत्येक वेळी निर्णय घ्यावा लागे, कारण एकदा मिसळलेले ढोल आणि गिटार पुढच्या फितीवर वेगळे करता येत नसत.

आजच्या ध्वनिमुद्रण-प्रणालींतली ट्रॅकची नावे याच इतिहासातून आली आहेत. ऑडिओ ट्रॅकवर प्रत्यक्ष ध्वनी असतो. मिडी ट्रॅकवर ध्वनी नसतो; कोणता स्वर, केव्हा, किती जोराने, एवढ्या सूचना असतात. १९८३ मध्ये रूढ झालेल्या या संकेतपद्धतीला स्वरलिपी म्हणता येईल. स्वरलिपीची वही स्वतः गात नाही, तसा मिडी ट्रॅक एखाद्या वाद्याकडे वळवल्याशिवाय मुकाच राहतो. नवशिके इथेच गोंधळतात. तिसरा प्रकार ऑक्झिलरी किंवा बस ट्रॅकचा. त्यावर स्वतःचे काही नोंदलेले नसते. इतर ट्रॅकचे प्रवाह त्यात येऊन मिळतात. ‘बस’ हा शब्द ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या लॅटिन ‘ओम्निबस’पासून आला, आपली एसटीची बसही त्याच कुळातली. शेवटी मास्टर ट्रॅक, जिथून सारे एकत्र बाहेर पडते.

या वाटा जोडण्याला आउटपुट राउटिंग म्हणतात. त्यात आउटपुट आणि सेंड यांतला भेद महत्त्वाचा. आउटपुट बदलला की ट्रॅकचा सारा प्रवाह नव्या ठिकाणी जातो. सेंड मात्र त्याची एक प्रत दुसरीकडे धाडतो आणि मूळ प्रवाह आपल्या वाटेने चालू राहतो. अ‍ॅबी रोडच्या प्रतिध्वनि-कक्षात हेच होई. गायकाच्या आवाजाचा काही अंश त्या खोलीतल्या कर्ण्याकडे पाठवत आणि तिथे घुमलेला नाद मायक्रोफोनने परत आणून मूळ आवाजात मिसळत.

१९९१ मध्ये आलेल्या पहिल्या प्रो टूल्सवरही ट्रॅक चारच होते. फरक असा की संगणकात मिश्रण हा तात्पुरता निर्णय ठरला. तानपुरा बसवर जातो म्हणून आजींचा ट्रॅक बदलत नाही. राउटिंग उद्या मोडून नव्याने मांडता येते. फितीच्या काळात असे स्वातंत्र्य जुन्या फिती जपल्या तरच मिळे. ‘सार्जंट पेपर’च्या त्या जपल्या गेल्या होत्या. म्हणूनच २०१७ मध्ये जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांना एकत्रीकरणाआधीच्या फितींकडे परत जाऊन नवे मिश्रण करता आले.

साहित्याच्या अभ्यासकाला ही वाट परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या प्रतीविषयी पूर्ण आदर बाळगूनही संशोधक तिच्या आधीच्या पोथ्या शोधत राहिले, कारण संपादित पाठ हा कुणाच्या तरी निवडीचा पाठ असतो. मास्टरमधून बाहेर पडलेली फाइलही तशीच. कार्यक्रमासाठी ती पुरेशी असते, अभ्यासासाठी नसते.

आता आमच्या विभागात प्रकल्पाची फाइल तर ठेवतोच. शिवाय प्रत्येक ट्रॅक, कोणताही परिणाम न लावता, स्वतंत्र ऑडिओ फाइल म्हणून जपतो. प्रणाली बदलली की जुने प्रकल्प उघडतीलच असे नाही. सुटा आवाज मात्र कुठेही ऐकता येतो. आजींच्या ओव्यांच्या फाइलवर आम्ही एवढीच नोंद केली आहे : हे मिश्रण आहे, मूळ उपलब्ध नाही.