जामियाच्या अंगणातला बाजार

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्या मास्तरांना एक खोड असते. मूल वहीत काय सांगते आहे हे पाहण्याआधी ते कोणत्या शब्दांत सांगते आहे, तिकडे आमची नजर जाते. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला आम्ही ‘बाजार’ या विषयावर मजमून लिहायला दिला होता. एका मुलाने लिहिले, की अब्बांच्या गाडीवर सकाळी गिराक कमी असते, मगरिबनंतर गर्दी होते, आणि पावसात माल सडतो. आम्ही ‘गिराक’भोवती लाल शाईने गोल काढला आणि वर ‘खरीदार’ लिहिले. असे सात-आठ गोल झाले. दहापैकी चार गुण दिले. त्याच आठवड्यात त्याच वर्गाला आम्ही नजीर अकबराबादी शिकवत होतो! यातली गंमत तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. ती आली पुष्कळ उशिरा, हबीब तन्वीर यांच्या ‘आगरा बाजार’ या नाटकाची जन्मकथा वाचताना. हे नाटक एखाद्या नाटक कंपनीच्या थिएटरात जन्मले नाही. १९५४ साली दिल्लीत, जामिया मिलिया इस्लामियाच्या आवारात, नजीरच्या स्मरणाचा एक दिवस साजरा करायचा ठरला आणि त्यातून ते उभे राहिले. त्या दिवसामागे जामियाचा चौतीस वर्षांचा इतिहास होता. तो आधी सांगितला पाहिजे.

जामियाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२० ची, अलीगढची. असहकाराच्या चळवळीत सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडून जी मुले आणि जे शिक्षक बाहेर पडले त्यांनी ही संस्था उभारली. १९२५ मध्ये ती दिल्लीला करोलबागेत आली. पुढच्याच वर्षी जर्मनीत शिकलेले डॉ. झाकिर हुसैन, डॉ. आबिद हुसैन आणि इंग्लंड-जर्मनीत शिकलेले मुहम्मद मुजीब हे तिघे तिला येऊन मिळाले. पैसा नव्हताच. १९२८ मध्ये इथल्या शिक्षकांनी प्रतिज्ञा केली, की वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही. प्रत्यक्षात हातात पडे ते याहूनही कमी. वेतन आयोगाच्या तारखा तोंडपाठ असणाऱ्या आम्हांला ही गोष्ट वर्गात सांगताना जरा चोरट्यासारखे होते, हे इथे कबूल करतो.

अशा कफल्लक संस्थेने पहिल्यापासून एक सवय लावून घेतली होती. जे काही इल्म आणि कला आपल्या पदरी आहे, ते नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांपुरते ठेवायचे नाही. १९३० नंतरच्या दशकात जामियाने बाहेरच्या श्रोत्यांसाठी व्याख्याने ठेवली. १९३३ मध्ये तुर्कस्तानचे रऊफ बे आले, १९३५ मध्ये तुर्की लेखिका खालिदा अदीब आल्या. गांधीजी, इक्बाल यांच्यासारखी माणसे या व्याख्यानांना अध्यक्ष म्हणून लाभली. नाटकेही होत. आबिद हुसैन यांचे ‘पर्दा-ए-गफलत’, मुजीबसाहेबांची ‘खेती’, ‘खाना जंगी’ ही नाटके कुणा व्यावसायिक मंडळीसाठी लिहिलेली नव्हती. शिक्षकांनी लिहायचे, विद्यार्थ्यांनी करायचे, अंगणात मंच बांधायचा, असा तो मामला. एक इतिहासाचा प्राध्यापक दारा आणि औरंगजेबावर नाटक लिहितो आणि त्याचे विद्यार्थी ते करतात, हे दृश्यच आमच्या बी.एड.च्या कोणत्याही पाठ-टाचणात बसणारे नाही. १९३८ मध्ये शफीकुर्रहमान किदवाई यांच्या पुढाकाराने प्रौढशिक्षणाची शाखा निघाली आणि जामिया दिल्लीच्या मोहल्ल्यांत संध्याकाळचे वर्ग व वाचनालये घेऊन गेली.

तरी एक गोष्ट राहून जात होती, असे आम्हांला वाटते. दार उघडे होते, पण उघड्या दारातून आत येणाऱ्याने गप्प बसून ऐकायचे होते. खालिदा अदीब इंग्रजीत बोलल्या. ओखल्याच्या शेतकऱ्याला त्यातले काय कळणार? नाटकांची भाषाही शिकल्यासवरलेल्यांची. १७ नोव्हेंबर १९४६ चा रौप्यमहोत्सव आठवा. देश पेटलेला होता, आणि जामियाच्या मंचावर पंडित नेहरू, मौलाना आझाद, जिना आणि लियाकत अली एका वेळी बसले होते. झाकिरसाहेबांनी त्या सगळ्यांना तोंडावर विनवले, की ही आग विझवा. हिंदुस्थानातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या समारंभात याहून मोठे भाषण झाले असेल असे आम्हांला वाटत नाही. पण त्याही दिवशी बोलणारे वर होते आणि ज्यांची घरे जळणार होती ते खाली.

आग विझली नाही. १९४७ च्या सप्टेंबरात करोलबागेतले मकतबा जामिया लुटले गेले, जाळले गेले. उर्दू पुस्तकांची केवढी दौलत खाक झाली. ओखल्याला १ मार्च १९३५ रोजी जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली होती. ती संस्थेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून करवली होती. त्याच ओखल्याचे आवार आता चहूकडून वेढल्यासारखे झाले. गांधीजी आणि नेहरू दोघेही त्या दिवसांत तिथे जाऊन आले. शेजारच्या गावाकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हा प्रश्न त्या वेळी जामियात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला पडला असणार. १९५४ म्हणजे त्यानंतर अवघी सात वर्षे.

त्या वर्षी जामियाचे कुलगुरू मुजीबसाहेब होते. झाकिरसाहेब अलीगढला गेले होते. सरकारच्या लेखी जामिया तेव्हा विद्यापीठ नव्हतेच. अभिमत दर्जा मिळाला १९६२ मध्ये, केंद्रीय विद्यापीठ झाले १९८८ मध्ये. नजीर-दिनासाठी काहीतरी करा, असे जामियातल्या मंडळींनी हबीब तन्वीर यांना सांगितले. तन्वीर तेव्हा तिशीचे, नुकतेच मुंबईहून दिल्लीला आलेले. त्यांचा जन्म १९२३ चा, रायपूरचा. आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे सांगायचे तर, त्यांचे कॉलेजशिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. मग मुंबईत आकाशवाणी, सिनेमा आणि इप्टा. त्या दहा वर्षांत मुंबईच्या गिरणगावात अण्णाभाऊ साठे, गवाणकर आणि आपले बार्शीचे शाहीर अमर शेख डफ घेऊन उभे राहत आणि मैदानातली माणसे त्यांच्या गाण्याला कोरस देत. हे सारे तन्वीर यांच्या डोळ्यांसमोरचे होते. जामियात जे घडले त्याचे थोडे बी इथल्या मातीतून गेले असावे, असा आमचा तर्क आहे. तर्कच, पण तो आम्हांला सोडवत नाही.

नजीरवर लिहायचे तर अडचण अशी, की त्याच्या आयुष्याची माहिती फार थोडी. दिल्लीत १७३५ च्या सुमारास जन्म, अहमदशहाच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत आईबरोबर आग्र्याला आला, तिथेच राहिला, १८३० मध्ये वारला. पोटासाठी मुलांना शिकवी. म्हणजे आमच्याच पेशातला. दरबार धरला नाही. होळी, दिवाळी, ईद, शब-ए-बरात, कृष्णाचे बालपण, गुरू नानक, अस्वलाचे पिल्लू, तिळाचे लाडू, रोटी, पैसा, मुफलिसी, जे आग्र्याच्या रस्त्यावर दिसले त्यावर त्याने लिहिले. आणि त्याचीच शिक्षा त्याला मिळाली. नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांनी आपल्या ‘गुलशन-ए-बेखार’ या तजकिऱ्यात शेरा मारला, की याचे शेर बाजारी लोकांच्या तोंडी आहेत, तेव्हा याला शायरांत धरू नये. पुढे १८७९ मध्ये फॅलन नावाच्या इंग्रज कोशकाराने नजीरला डोक्यावर घेतले. बोलीतल्या शब्दांची त्याची खाण त्या परक्याला दिसली, आपल्या नवाबाला दिसली नाही. शेफ्तांना आम्ही तरी कोणत्या तोंडाने नावे ठेवणार? त्यांचीच लाल शाई आमच्या खिशात होती.

तन्वीर यांनी या अडचणीचीच युक्ती केली. नाटकात नजीर रंगमंचावर येतच नाही. येतो तो त्याचा बाजार. एका बाजूला पुस्तकांचे दुकान. तिथे शायर, तजकिरानवीस, जाणकार बसतात आणि नजीरचे नाव निघाले की नाक मुरडतात. दुसऱ्या बाजूला पतंगवाल्याचे दुकान. तिथे नजीरची गाणी म्हटली जातात. मधे रस्ता, आणि रस्त्यावर मंदी. काकडीवाल्याची काकडी खपत नाही. (उत्तरेतली ककडी आपल्या काकडीहून वेगळी, लांब, बारीक आणि वाकडी.) त्याच्या डोक्यात येते, की कुणी आपल्या काकडीवर कविता करून दिली, तर गात गात विकता येईल. तो शायरांच्या विनवण्या करतो. ते हसतात, हाकलतात. शेवटी तो नजीरकडे जातो आणि गाणे घेऊन येतो. काकडी खपू लागते. मग लाडूवाला, टरबूजवाला यांचीही गाणी येतात. गोष्ट एवढीच. फकिरांच्या तोंडच्या ‘शहर-आशोब’ने सुरुवात, ‘आदमीनामा’ने शेवट.

पण हा बाजार करणार कोण? इथे तन्वीर यांनी जे केले त्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. त्यांनी जामियाचे विद्यार्थी घेतले, शिक्षक घेतले, आणि ओखला गावातली माणसे घेतली. दिल्लीच्या नटमंडळींतून पात्रे शोधायला ते गेले नाहीत. गावातल्या माणसाने मंचावर काय करायचे? बाजारात जे करतो तेच. उभे राहायचे, बसायचे, भाव विचारायचा, गप्पा मारायच्या. उर्दूचे उस्ताद आणि ओखल्याचा गावकरी एकाच उघड्या मंचावर, आणि पुढ्यातही त्यांचीच माणसे. १९४६ च्या मंचावर हिंदुस्थानचे भवितव्य ठरवणारे बसले होते. सात-आठ वर्षांनी त्याच संस्थेच्या मंचावर बाजारातली गर्दी उभी होती, आणि मधल्या काळात जे होऊन गेले ते तिच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. नाटकातही मदाऱ्याच्या खेळावरून भांडण पेटते आणि दुकाने लुटली जातात. १९४७ पाहिलेल्या गावकऱ्यांनी ते लुटीचे दृश्य करताना मनात काय आणले असेल, याची कल्पना करून आम्ही थांबतो.

पहिला प्रयोग आकाराने लहान होता. गाणी आणि प्रसंगांची गुंफण, असे त्याचे रूप. ते पुढे वाढत गेले. तन्वीर १९५५ मध्ये नाट्यशिक्षणासाठी इंग्लंडला गेले, परतल्यावर १९५९ मध्ये ‘नया थिएटर’ काढले, छत्तीसगढच्या नाचा कलावंतांना बरोबर घेतले. तेच कलावंत पुढे आग्र्याचे दुकानदार झाले आणि छत्तीसगढी वळणाच्या उच्चारांत नजीर गाऊ लागले. शुद्ध उर्दूवाल्यांना ते खटकले असेल. पण ज्यांना ‘चरणदास चोर’ माहीत आहे त्यांना हे सांगायला नको, की १९७५ च्या त्या नाटकाची वाट ओखल्याच्या अंगणातून गेली होती. तन्वीर ८ जून २००९ रोजी भोपाळला वारले. तोवर, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, ‘आगरा बाजार’ त्यांच्याबरोबर चालत होते. मोठ्या शहरांच्या मोठ्या नाट्यगृहांतही ते गेले. तिथे मंचावरचा बाजार तसाच राहिला, पण समोर बसणारा गावकरी नव्हता.

आपल्याकडे मुशायरे होतात, परिसंवाद होतात, विद्यापीठांच्या सभागृहांत उर्दू-मराठीचे जलसे होतात. बहुतेकांना प्रवेश विनामूल्यच असतो. निमंत्रणपत्रिकेच्या खाली तसे छापलेलेही असते. आम्ही अशा पुष्कळ कार्यक्रमांना गेलो आहोत. पहिल्या रांगा राखीव, मागच्या रिकाम्या, आणि फाटकाबाहेर भजीवाला आपली गाडी लावून कार्यक्रम सुटण्याची वाट पाहत असतो. त्याला कुणी अडवलेले नसते. फक्त आत आपले काही काम आहे असे त्याला वाटत नाही.

त्या सातवीतल्या मुलाची वही आम्ही परत मागितली. तो आता दहावीत. वही कुठली सापडायला? पण मजमून त्याला आठवत होता, आणि ‘गिराक’वरचा गोलही. यंदाच्या स्नेहसंमेलनात नजीरची काकडीवरची नज्म बसवायची ठरवली आहे. काकडीवाला तोच होणार आहे. टोपली घेऊ, असे आम्ही म्हणालो, तर तो म्हणाला, “सर, टोपलीने कोण विकतं आता? अब्बांची गाडी आणतो.” मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली. काल संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याचे वडील दोरी घेऊन आले आणि आम्ही दोघांनी मिळून फाटक मोजले. एक झडप काढली तर गाडी आत येते.