प्रथिन समुच्चयन : अनुस्फुरक रंजकांनी परीक्षण

बहुतेक प्रथिनांचे रेणू विशिष्ट घडीत राहिले, तरच त्यांचे कार्य नीट चालते. उष्णता, अम्लता किंवा सतत ढवळणे यांमुळे घडी उलगडली, तर रेणू परस्परांना चिकटून त्यांचे पुंज वा तंतू बनतात. या क्रियेला प्रथिन समुच्चयन म्हणतात. इन्शुलिनासारख्या औषधात असे झाल्यास त्याची परिणामकारकता घटते व रुग्णाच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होण्याचा संभव असतो. आल्झायमर रोगात मेंदूत असेच प्रथिनतंतू साचतात. डोळ्यांना गढूळपणा दिसण्यापूर्वीच हा बदल ओळखण्यासाठी अनुस्फुरक रंजके, म्हणजे प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणारी द्रव्ये, वापरतात.

या पद्धतीचा उगम विकृतिविज्ञानात आहे. ऊतकांतील ‘अमिलॉइड’ या निक्षेपाला काँगो रेड हे कापडाचे रंजक चिकटते, असे बेनहोल्ड यांनी १९२२ मध्ये दाखविले. वासर व कलिंग यांनी १९५९ मध्ये त्यासाठी थायोफ्लाविन-टी वापरले. हे रंजक विद्रावात मोकळे असताना त्याच्या रेणूचे दोन भाग एकमेकांभोवती फिरतात व शोषलेली ऊर्जा प्रकाश न देताच नष्ट होते. तंतूच्या खाचेत अडकल्यावर हे फिरणे थांबते आणि सु. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून ते सु. ४८२ नॅनोमीटरचा प्रकाश तीव्रतेने देते. नायकी व सहकारी (१९८९) आणि लेव्हाइन (१९९३) यांच्या कार्यामुळे या गुणधर्माला परिमाणात्मक परीक्षेचे रूप आले.

प्रथिनाच्या स्थैर्याचे मापन वेगळ्या रंजकांनी होते. वेबर व लॉरेन्स यांनी १९५४ मध्ये ॲनिलिनोनॅप्थॅलीन सल्फोनेट या वर्गातील रंजके रक्तद्रवातील अल्ब्युमिनाला चिकटल्यावर प्रकाशमान होतात, असे दाखविले. अशी रंजके प्रथिनाच्या पाण्यापासून दूर राहणाऱ्या भागांशी संलग्न होतात. सायप्रो ऑरेंज या रंजकासह प्रथिनाचा विद्राव सु. २५° पासून ९५° से.पर्यंत हळूहळू तापविला, तर घडी उलगडून हे भाग उघडे पडतात व प्रकाश वाढत जातो. निम्मे रेणू उलगडलेले असतात ते तापमान स्थैर्याचे माप मानतात.

पुणे शहराचा या विषयाशी असलेला संबंध राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून येतो. या प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. तिचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन हे कलिल-रसायनशास्त्रज्ञ होते. साबणाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन पुंज बनवितात, ही कल्पना त्यांनी १९१३ मध्ये मांडली होती; पुढे पाण्यात न विरघळणारी रंजके अशा पुंजांत कशी सामावतात याचाही त्यांनी अभ्यास केला. अलीकडे याच प्रयोगशाळेत आल्झायमर रोगाशी निगडित टाऊ प्रथिनाचे समुच्चयन थायोफ्लाविन-एस या रंजकाने मोजले गेले. प्रकाशाने उद्दीपित केलेले टोल्युइडीन ब्लू हे रंजक टाऊच्या समुच्चयनाला अटकाव करते, असे तेथील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेल्या व्हेंचर सेंटर या संस्थेत जैव औषधांच्या विश्लेषणाची सोय आहे.

या परीक्षांना मर्यादा आहेत. थायोफ्लाविन-टी तंतू दाखविते. आकारहीन पुंज त्याच्या नजरेतून सुटू शकतात. परीक्ष्य द्रव्य स्वतः रंगीत असल्यास ते प्रकाश शोषून घेते आणि तंतू कमी झाल्याचा आभास होतो. प्रतिपिंड-औषधांत पॉलिसॉर्बेटासारखे पृष्ठक्रियाशील पदार्थ मिसळलेले असतात. त्यांचेच पुंज सायप्रो ऑरेंजला सामावून घेतात व प्रथिन न उलगडताही प्रकाश दिसतो. मॅकबेन यांनी अभ्यासिलेली घटना येथे अडथळा म्हणून पुढे येते. अशा वेळी पुंजांना कमी प्रतिसाद देणारी, रेणूच्या फिरण्यावर आधारलेली रंजके निवडतात. प्रकाश-प्रकीर्णन व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांनी पडताळा घेतल्याखेरीज केवळ रंजकाच्या प्रकाशावरून औषधाची निर्दोषता ठरविणे योग्य नाही.