आकुर्डी ते चाकण: मागच्या चाकाचा इतिहास

मोटारसायकलीच्या मागच्या चाकावर मोटारीचा टायर चढवण्याची रीत मुख्यतः अमेरिकेतील लांबलचक महामार्गांवर रुजली. होंडा गोल्ड विंगसारखी वजनदार गाडी घेऊन हजारो मैल फिरणाऱ्यांना मागचा टायर लवकर झिजण्याचा जाच होतो, तर त्याच व्यासाचा मोटारीचा टायर जास्त टिकतो आणि तुलनेने स्वस्तही पडतो, एवढ्या साध्या हिशेबातून ती निघाली, आणि टायर बनवणाऱ्या कंपन्या नको म्हणत असतानाही हौशी मंडळींनी ती चालू ठेवली. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा म्हणजे दुचाकी, तीनचाकी, मोटारी आणि मालमोटारी या सर्वांचे माहेरघर. तरीही इथे ही रीत त्या रूपात कधी फोफावली नाही. मात्र तिच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे दुचाकीवर जास्त भार टाकायचा झाल्यास मागच्या चाकाचे काय करायचे हा प्रश्न, या पट्ट्यातील कारखानदारीच्या जन्माच्याही आधी पुढे आला होता, आणि त्याचे इथे मिळालेले उत्तर अमेरिकेतल्यापेक्षा अगदी वेगळे होते. इथे टायर बदलण्याऐवजी गाडीचा मागचा भागच बदलला गेला.

हा फरक समजण्यासाठी दोन्ही टायरांची घडण पाहावी लागते. दुचाकी वळताना कलते. ताशी ५० किलोमीटर वेगाने ४० मीटर त्रिज्येचे वळण घेणाऱ्या मोटारसायकलीला तोल राखण्यासाठी सुमारे २६ अंश कलावे लागते, आणि एवढ्या कलातही टायरचा रस्त्याशी असलेला स्पर्श सलग राहावा म्हणून दुचाकीच्या टायरचा माथा, म्हणजे नक्षीचा रस्त्याला टेकणारा भाग, आडव्या छेदात गोलाकार ठेवलेला असतो. कललेले गोल चाक कलाच्या दिशेने आपोआप वळू पाहते आणि वळणाला लागणारे बळ मोठ्या प्रमाणात या प्रवृत्तीतूनच मिळते. मोटार कलत नाही. तिचा टायर सपाट माथ्याचा असतो आणि वळणाचे बळ रबर किंचित आडवे ओढले गेल्याने, म्हणजे चाकाचे तोंड एकीकडे व प्रत्यक्ष गती जराशी दुसरीकडे अशा ओढाताणीतून निर्माण होते. असा सपाट टायर २६ अंश कलवला तर तो आपल्या खांद्यावर, म्हणजे माथा आणि बाजूची भिंत जिथे मिळतात त्या कडेवर उभा राहतो. अमेरिकी हौशी स्वारांचे म्हणणे असे की कमी हवा भरली की टायरची भिंत लवते आणि भागते. ते सर्वस्वी खोटे नाही, पण त्यात टायरकडून ज्या कामासाठी तो बनलेलाच नाही ते काम करून घेतले जाते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

कलणारे चाक आणि न कलणारे चाक यांची सांगड घालण्याचा एक यशस्वी प्रयत्न इटलीत झाला. विमानांचे अभियंते असलेल्या कोर्रादिनो दास्कानियो यांनी पियाज्जो कंपनीसाठी १९४६ साली व्हेस्पा स्कूटर सिद्ध केली. मोटारसायकल ही त्यांना गैरसोयीची वस्तू वाटे, आणि तिच्यातला त्यांना खुपणारा एक दोष म्हणजे चाक बदलण्याची कटकट. म्हणून त्यांनी विमानाच्या उतरण्याच्या चाकाप्रमाणे स्कूटरचे चाक एकाच बाजूने धरले, म्हणजे मोटारीच्या चाकासारखे ते नट सोडून बाजूला काढता येऊ लागले. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच व्हेस्पाच्या पुढच्या अंगाला मागे दोन चाके आणि माल वाहण्याचा हौदा जोडून ‘आपे’ ही तीनचाकी निघाली.

ही मालगाडी पाहून पुण्यात नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी तिच्यावर माणसे बसवण्याची कल्पना उचलून धरली. माणसाने माणसाला ओढून किंवा पायडल मारून नेण्याची रिक्षा हटवावी हा त्यामागचा उघड हेतू होता, आणि मुंबई प्रांताचे त्या वेळचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांची अनुकूलता मिळाल्यावर चाळिशीचे दशक संपता संपता मर्यादित संख्येने ऑटोरिक्षा पुण्याच्या रस्त्यांवर आल्या. बजाज समूहाच्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून दुचाकी व तीनचाकी गाड्या आयात करून विकण्यास आरंभ केला होता. १९५९ मध्ये त्या देशातच बनवण्याचा परवाना मिळाला आणि साठीच्या दशकाच्या आरंभी पियाज्जोच्या सहकार्याने आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होतेच. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची रांग लागली. हा भाग सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे नको.

आकुर्डीतून बाहेर पडणाऱ्या व्हेस्पाने आणि १९७१ मध्ये पियाज्जोचा करार संपल्यावर आलेल्या बजाज चेतकने मराठी घरांना ज्या वस्तूची सवय लावली ती म्हणजे स्टेपनी, अर्थात जादा चाक. आधीच्या स्कूटरवर ३.५०-८ मापाचे टायर असत, म्हणजे टायरची रुंदी साडेतीन इंच आणि रिमचा व्यास ८ इंच. चेतकवर तो व्यास १० इंच झाला. पुढचे, मागचे आणि स्टेपनीचे अशी तिन्ही चाके एकसारखी असल्याने कोणतेही कुठेही बसे, आणि काटकसरी मालक मागचा टायर गुळगुळीत होऊ लागला की तो पुढे आणून पुढचा मागे टाकत. रिमही दोन पत्र्यांची, काठाकाठाने नटबोल्टांनी जोडलेली असे. पंक्चर काढताना आधी व्हॉल्व्हमधून हवा पूर्ण सोडायची, मग रिमचे नट काढायचे, की दोन अर्धे वेगळे होत आणि ट्यूब हातात येई. मोटारसायकलीच्या एकसंध रिमवर टायरची कड लिव्हरने उचकटून काढताना ट्यूब चिमटीत सापडण्याचे जे भय असते, ते इथे नव्हते. मात्र ट्यूबमध्ये हवा असताना हे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग तोंडावर उडू शकतो, हे प्रत्येक पंक्चरवाला उमेदवारीतल्या पोराला पहिल्याच दिवशी बजावून सांगत असे.

ऑटोरिक्षात हेच छोटे चाक मागे दोनदा आले आणि तिथे त्याचा स्वभाव बदलला. रिक्षाचे पुढचे अंग स्कूटरचे: हँडल, डाव्या मुठीत फिरणारा गिअर, एका बाजूने धरलेले एकच चाक. मागचे अंग मात्र मोटारीचे: दोन चाके, प्रत्येकाला स्वतंत्र लवचीक आधार, आणि दोहोंमध्ये डिफरन्शियल, म्हणजे वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फेरे घेऊ देणारी दातेरी चक्रांची पेटी. सुरुवातीच्या रिक्षात इंजिन पुढे, चालकाच्या बैठकीखाली असे. १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आली आणि भार आणखी मागे सरकला. रिक्षा कलत नाही. उलट वळणावर तिचे धूड बाहेरच्या बाजूला झुकते आणि आडवा दाब टायरच्या भिंतीवर येतो. त्यामुळे रिक्षाच्या ४.००-८ मापाच्या टायरच्या रिमचा व्यास जरी जुन्या स्कूटरचाच राहिला, तरी त्याचा माथा अधिक सपाट आणि अंग अधिक पदरांचे झाले. पदर म्हणजे रबराच्या आत एकावर एक तिरके घातलेले धाग्यांचे थर. ते जितके जास्त, तितका जास्त भार टायर सोसतो. दुचाकीच्या मापाचा पण मोटारीच्या वृत्तीचा असा हा टायर म्हणजेच या पट्ट्याने मागच्या चाकाच्या प्रश्नाला दिलेले खरे उत्तर होय.

शेजारच्याच कारखान्यातून अगदी उलटे उत्तरही निघाले होते. फिरोदियांनी जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो स्थापन केली, आणि मुंबईतील गोरेगावात सुरू झालेले तिचे काम पुढे आकुर्डीला आले. तिच्या ‘हान्सीट’ या तीनचाकीत इंजिन पुढच्या चाकावरच बसवलेले असे आणि साखळीने तेच चाक फिरवले जाई. मागची दोन चाके नुसती भार वाहत मागे येत. पुढे आलेल्या नाकाडामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर’ हे नाव देऊन टाकले. डिफरन्शियल वाचल्याने गाडी साधी व स्वस्त झाली, परंतु मागे माल भरला की ओढणारे पुढचे चाक तुलनेने हलके पडणार, हा तिच्या रचनेतलाच दोष होता. पुढच्या काळात याच कारखान्याची डिझेलवर चालणारी मिनिडोर ‘सहा आसनी’ म्हणून पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर ओळखीची झाली.

भारतातील मोटारसायकलींवर मोटारीचा टायर का चढला नाही, याचे कारण मापांत आहे. बुलेटचे चाक १९ इंचांचे, पुढे आलेल्या बहुतेक गाड्यांचे १८ किंवा १७ इंचांचे. याउलट अँबेसेडरचा टायर ५.९०-१५, पद्मिनीचा ५.२०-१४ आणि मारुती ८००चा तर अवघा १२ इंचांचा. चाक मुळातच जुळत नसेल तर हौस कितीही असून उपयोग नव्हता. एकच अपवाद संभवत होता: जावा आणि येझदीच्या काही गाड्यांची चाके १६ इंचांची होती आणि जीपचा ६.००-१६ हा टायर गावोगावी मिळे. पण तिथेही केवळ आकडा जुळत होता. टायरच्या आतल्या कडेत पोलादी तारांचे कडे असते, त्याला बीड म्हणतात, आणि ते रिमच्या ज्या काठावर बसते त्याची रुंदी, उतार व उंची दुचाकीला वेगळी आणि चारचाकीला वेगळी असते. जीपचा रुंद टायर येझदीच्या अरुंद रिमवर ओढूनताणून बसवला असता तर त्याचा माथा फुगून वर आला असता, आणि साखळी व चिखलरोधक यांच्यामध्ये त्याला फिरायला जागाही उरली नसती.

त्यामुळे देशात अन्यत्रही टायराऐवजी आसच बदलण्याकडे कल राहिला. दिल्लीच्या चांदणी चौकात महायुद्धातून उरलेल्या हार्ली-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या मागे दोन चाकांचा सांगाडा जोडून ‘फटफटी’ नावाच्या प्रवासी गाड्या नव्वदीच्या दशकापर्यंत चालल्या; सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या अंगाला मालगाडीचे मागचे अंग लावून छकडा तयार झाला. महाराष्ट्रात मोटारींच्या जुन्या टायरांनी मोटारसायकलीऐवजी बैलगाडीचा आश्रय घेतला. लोखंडी धावेच्या लाकडी चाकांऐवजी हवेची रबरी चाके लावलेली टायरगाडी ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागली, आणि मोटारीवरून उतरलेल्या टायराला तिथे निर्धास्त दुसरे आयुष्य मिळाले. कारण बैलगाडी कलतही नाही आणि धावतही नाही. टायरांच्या या स्थलांतराची कथा स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे, आणि ती कारखान्यांच्या इतिहासात क्वचितच सापडते.

चाकणचा काळ मोटारसायकलीचा. बजाजने १९९९ मध्ये तिथे कारखाना सुरू केला आणि २००१ मध्ये पल्सर आणली, तेव्हा तिचे मागचे चाक १८ इंचांचे होते. नव्या पद्धतीच्या मापात, ज्यात आधी मिलिमीटरमधील रुंदी आणि मग भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते लिहितात, तिचा मागचा टायर १००/९०-१८ होता. पुढचा त्याहून अरुंद. स्कूटरच्या काळातील पुढच्या-मागच्या चाकांची समता इथे संपली आणि मागचा टायर वर्षागणिक रुंदावत गेला. चाकणमध्येच बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकवर आणि २०१६ मध्ये आलेल्या डॉमिनारवर तो १५०/६० आर १७ इतका झाला. त्यातील ‘आर’ म्हणजे रेडियल, म्हणजे धाग्यांचे थर तिरके न घालता आरपार काटकोनात घातलेला टायर. म्हणजे रुंदी, रेडियल बांधणी, ट्यूबविरहित रिम आणि १७ इंचांचा व्यास या सर्व बाबतींत मोटारसायकल मोटारीच्या जवळ आली, आणि जाड टायरांची हौस नेमकी याच काळात वाढली.

रुंद टायरची ही हौस निव्वळ दिखाऊ म्हणून झटकून टाकणेही बरोबर नाही. सरळ रस्त्यांवरच रोज धावणाऱ्या मोटारसायकलीचा मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो, आणि मग वळताना गाडी जिथे सपाटी संपते त्या कडेवरून घसरल्यासारखी एकदम पडते, हे जुन्या स्वारांच्या अंगवळणी पडलेले आहे. वापरून वापरून प्रत्येक दुचाकीचा टायर थोडाफार मोटारीच्या टायरसारखा होतो. ज्याचे बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर जाते त्याला आरंभीच सपाट टायर घ्यावासा वाटला तर त्यात तर्क नाही असे म्हणता येत नाही. हा तर्क सरळ रस्ता संपताच लंगडा पडतो, एवढेच.

कायद्याने ही वाट बंद केली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा तसाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपंगांसाठी स्कूटरला दोन बाजूंना जादा चाके लावण्याची मुभा मात्र कायम आहे. अशा स्कूटरचे मागचे चाक कलायचे थांबते, पण त्याच्यावरचा टायर गोल माथ्याचाच राहतो. अमेरिकेतल्या प्रकाराचा हा नेमका उलटा नमुना म्हणावा लागेल.

भारतीय मानकांची वर्गवारी या संदर्भात बोलकी आहे. टायरांच्या सक्तीच्या गुणवत्तेसाठी दुचाकी आणि तीनचाकी यांना मिळून एकच मानक, आयएस १५६२७, लागू होते. प्रवासी मोटारींना आयएस १५६३३. म्हणजे न कलणारी रिक्षा कागदोपत्री अजूनही कलणाऱ्या स्कूटरच्या कुटुंबातच नांदते, मोटारीच्या नव्हे. ही रेषा चाकाच्या वृत्तीवरून न ओढता आकार आणि भार यांवरून ओढलेली आहे, आणि ती सोयीची असली तरी ऑटोरिक्षाच्या सत्तरहून अधिक वर्षांच्या इतिहासाशी मेळ खात नाही. रेषेच्या पलीकडचे उदाहरण पाहू: टाटा मोटर्सने २००८ मध्ये जगापुढे ठेवलेल्या नॅनो या मोटारीचे इंजिन रिक्षाप्रमाणे मागे होते, चाके प्रत्येकी तीनच नटांवर बसत, आणि पुढचा टायर १३५/७० आर १२ तर मागचा १५५/६५ आर १२ होता. मोटारसायकलीप्रमाणे मागे जाड आणि पुढे बारीक. आकुर्डीतील स्कूटरचे उत्पादन थांबल्यानंतर विजेवर चालणारी नवी चेतक बाजारात आली, तिची चाकेही १२ इंचांचीच आहेत. नॅनो आणि नवी चेतक यांच्या रिमांचा व्यास एकच आहे, पण एकाच्या भिंतीवर एक मानक लागू आहे आणि दुसऱ्याच्या भिंतीवर दुसरे, आणि नव्या चेतकला स्टेपनी नाही.