छिन्नमनस्कता : कारणांविषयीच्या उपपत्ती

विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची सांगड तुटणारा गंभीर मनोविकार. रूढ नाव स्किझोफ्रेनिया. भास, संशय, विस्कळीत बोलणे आणि वाढता अलिप्तपणा ही मुख्य लक्षणे. शंभरांत साधारण एकाला तो होतो. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले, तेव्हा मूळ शरीरातच असणार हे त्याने गृहीत धरले होते.

पुढे अमेरिकेत मनोविश्लेषणाचा जोर वाढला आणि दोष घरावर आला. फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी १९४८ मध्ये या विकाराचा संबंध लहानपणी आईकडून झालेल्या अव्हेराशी जोडला. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी घरातील परस्परविरोधी संदेशांनी होणारी मुलाची कोंडी कारण म्हणून मांडली. पुरावा तोकडा होता. तरीही असंख्य मातांना आजारी मुलाच्या जोडीला हा आरोपही सोसावा लागला. मानसोपचाराच्या इतिहासातील हा मोठा अन्याय होय.

लेनर्ड हेस्टन यांच्या १९६६ च्या अभ्यासाने त्या आरोपाचा पायाच हलवला. ओरेगनमधील आजारी मातांपासून जन्मानंतर काही दिवसांतच वेगळी झालेली ४७ मुले त्यांनी मोठेपणी तपासली. पाच जणांना हा विकार होता. निरोगी मातांच्या, तशाच वेगळ्या वाढलेल्या ५० मुलांत एकालाही नव्हता. आईचा सहवास नसतानाही विकार उतरला होता. मात्र ४२ जण त्यातून सुटले, हेही तितकेच महत्त्वाचे. एकसारख्या जुळ्यांतही एकाला विकार असला तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा कमीच असते.

दुसरीकडे, १९५२ पासून वापरात आलेल्या क्लोरप्रोमॅझिन या औषधाच्या परिणामांवरून मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या अतिरेकाची उपपत्ती पुढे आली. भास-संशयाचा उलगडा ती बऱ्यापैकी करते, अलिप्तपणाचा नाही.

झुबिन आणि स्प्रिंग यांनी १९७७ मध्ये मांडलेली उपजत दुर्बलता व ताण यांच्या संयोगाची उपपत्ती आज अधिक पटते. २०२२ च्या एका जागतिक अभ्यासात विकाराशी निगडित २८७ जनुकीय स्थाने आढळली. प्रत्येकाचा वाटा अल्प. गर्भावस्थेतील उपासमार आणि कोवळ्या वयातील गांजाचे सेवन यांनीही धोका वाढतो.

घरातील वातावरणाला स्थान आहे, पण ते वेगळे. सततची टीका आणि वैरभाव यांमुळे बरा होत आलेला आजार उलटतो, असे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांच्या संशोधनातून दिसले. औषधोपचारासोबत कुटुंबीयांना आजार समजावून दिल्यास उलटण्याचे प्रमाण घटते.