आफ्रिकेतील उच्च रक्तदाब : एका वैद्यकीय प्रश्नाचा इतिहास

आफ्रिकी माणसास रक्तदाबाचा विकार सहसा जडत नाही, असे मत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्व आफ्रिकेतील वसाहतींच्या वैद्यकवर्तुळात रूढ होते. उत्तरार्धात त्याच खंडातून गेलेल्या लोकांच्या अमेरिकेतील वंशजांविषयी नेमके उलट मत रूढ झाले. दोन्ही मतांच्या मुळाशी वंश हेच कारण कल्पिणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती. एकच वंश एका पिढीत कवच व पुढच्या पिढीत व्यंग कसा ठरावा, हे कोडे केवळ वैद्यकाचे नव्हे, इतिहासाचेही आहे.

या चर्चेचा आरंभ सामान्यतः सी. पी. डॉनिसन या ब्रिटिश डॉक्टराच्या १९२९ सालच्या निबंधापासून धरतात. केनियात व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या दक्षिण कविरोंदो भागात त्याने सुमारे १००० आफ्रिकी व्यक्तींचा रक्तदाब मोजला. चाळिशीपर्यंत तो युरोपीयांसारखाच आढळला. पुढे मात्र वाढण्याऐवजी उतरत गेला. सुमारे दोन वर्षांत रुग्णालयात दाखल झालेल्या १८०० रुग्णांत उच्च रक्तदाबाचा एकही रुग्ण त्यास मिळाला नाही. डॉनिसनने याचे कारण वंशात न शोधता आधुनिक सभ्यतेच्या ताणात शोधले व १९३७ साली त्यावर ग्रंथही लिहिला. त्याची ही दृष्टी त्या काळाच्या मानाने उदार होती, पण निर्दोष नव्हती. सभ्यतेचा स्पर्श न झालेला मानव म्हणून ज्यास त्याने तपासले, तो झोपडीवरील कर भरणारा वसाहतीचा प्रजाजन होता. याच कविरोंदो प्रदेशातून पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी हमाल म्हणून माणसे नेली गेली होती. शिवाय जन्मनोंदीच्या अभावी वय अदमासानेच ठरवावे लागे. तेव्हा चाळिशी ही मर्यादा फार काटेकोर समजण्याचे कारण नाही.

स्थलांतर हे कारण पुढे स्पष्ट होत गेले. उत्तर केनियातील सांबुरू गुराखी तरुण सैन्यात भरती झाल्यावर त्यांच्या रक्तदाबात वाढ होते, असे ए. जी. शेपर व सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखविले. दुधावर वाढलेल्या या तरुणांना लष्करी शिध्यात मीठ भरपूर मिळे. १९९० साली प्रसिद्ध झालेला पूल्टर व सहकाऱ्यांचा अभ्यास तर आपणांस पुन्हा डॉनिसनच्याच सरोवराच्या परिसरात आणतो. खेड्यातून नैरोबीस आलेल्या लुओ लोकांचा रक्तदाब शहरातील पहिल्याच महिन्यात गावी राहिलेल्यांहून अधिक आढळला, आणि त्यांच्या लघवीत पोटॅशियमच्या तुलनेत सोडियमचे प्रमाण वाढलेले होते. वंश एका महिन्यात बदलत नाही.

तरीही वंशाची कल्पना नव्या वेषात परतली. १९९१ साली विल्सन व ग्रिम यांनी असे प्रतिपादिले की, गुलामांच्या जहाजांवर अतिसार, उलट्या व घाम यांमुळे शरीरातील क्षार नाहीसे होऊन असंख्य माणसे मेली. ज्यांची शरीरे मीठ धरून ठेवीत तीच वाचली, आणि त्यांचा हा गुण वंशजांस बाधला. पश्चिम आफ्रिकेतील मिठाचे दुर्भिक्ष हाही या उपपत्तीचा एक आधार होता. कथा मोठी वेधक आहे, आणि तिची लोकप्रियताही बहुधा या वेधकपणातूनच आली. पण अटलांटिक गुलामव्यापाराचा साक्षेपी इतिहासकार फिलिप कर्टिन याने १९९२ साली उपलब्ध पुरावा तपासून ती अग्राह्य ठरविली. पश्चिम आफ्रिकेत मीठ दुर्मिळ होते हे गृहीतच डळमळीत आहे. किनाऱ्यावर मीठ पिकत असे आणि सहारातून उंटांवर ते शतकानुशतके येत होते. चौदाव्या शतकात इब्न बतूताने पाहिलेल्या तघाझा येथील घरे व मशीद मिठाच्या लाद्यांनी बांधलेली होती. या उपपत्तीत भर दिला गेला तो जहाजावरील आठवड्यांवर. त्यानंतरची गुलामगिरीची शतके, व तीही संपल्यावर वाट्यास आलेले दारिद्र्य व वर्णभेद मात्र बाजूस पडले.

रिचर्ड कूपर व सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकी मूळ असलेल्या समाजांची एकाच पद्धतीने तपासणी करून १९९७ साली जे आकडे दिले, ते येथे पुरेसे बोलके आहेत. उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के व अमेरिकेत ३३ टक्के होते. २००५ साली कूपर यांनी युरोपीय वंशाच्या समाजांशी तुलना केली, तेव्हा सर्वांत कमी प्रमाण नायजेरियात, सुमारे १४ टक्के, आणि सर्वांत अधिक जर्मनीत, ५५ टक्के, आढळले.