तोळा, पौंड, किलो: देहाच्या घटीची नोंद आणि एककांचा इतिहास

मराठीत नाजूक, पटकन बिघडणाऱ्या प्रकृतीला ‘तोळामासा प्रकृती’ म्हणतात. हिंदीत ‘पल में तोला, पल में माशा’ ही म्हण क्षणोक्षणी बदलणाऱ्या माणसाच्या स्वभावासंबंधी वापरली जाते. तोळा हा बारा माशांचा. सोनाराच्या काट्यावरील हीच दोन वजने एका भाषेत देहाकडे वळली, तर दुसरीत मनाकडे. मात्र प्रत्यक्ष देह कोणी तोळ्यांत मोजत नव्हते. देहाच्या चढउताराला मराठीत अन्य शब्द होते: अंगावर मूठभर मांस चढते, अंग उतरते, हातापायांच्या काड्या होतात, अंगरखा सैल पडतो. वजन ‘कमी झाले’ असे आकड्यात सांगण्याची रीत तुलनेने अलीकडची आहे. ती रूढ होण्यासाठी काटा, एकक आणि नोंदवही या तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. त्या कोठे आणि कोणाच्या हाती एकत्र आल्या, आणि एकक बदलल्याने घटीचा अर्थ कसा बदलत गेला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

भारतीय वैद्यकाला मापनाचे वावडे होते असे म्हणता येत नाही. औषधद्रव्यांसाठी माष, कर्ष, पल अशी सूक्ष्म वजनांची श्रेणी आयुर्वेदाने सिद्ध केली होती. तथापि, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या, ‘अष्टौनिन्दितीय’ या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन देहांचे जे वर्णन आहे, त्यात पलांचा वा तुळांचा आकडा नाही. चालताना हलणारे उदर आणि नितंब हे स्थौल्याचे लक्षण; सुकलेली मान, दिसू लागलेले शिरांचे जाळे, ठळक झालेले सांधे ही कार्श्याची. स्थूलाला पचायला जड पण पोषणाने हलके अन्न द्यावे, असा उपचाराचा दंडक तेथे आहे. उपचार लागू पडला की नाही, हे वैद्याने देह पाहून ठरवायचे.

याच संहितेच्या शारीरस्थानात देहातील द्रवांचे प्रमाण सांगितले आहे: रक्त आठ अंजली, मेद दोन अंजली, मज्जा एक अंजली. ही अंजली बाजारातील प्रमाणित ओंजळ नव्हे. ती ज्याची त्याची, स्वतःच्या हातांची आहे. हे प्रमाण वाढते-घटते आणि तर्कानेच जाणायचे असते, असेही ग्रंथ सांगतो. म्हणजे येथे एकक देहातूनच घेतलेले आहे. मोठ्या देहाची ओंजळ मोठी आणि लहान देहाची लहान. अशा एककाने दोन माणसांची परस्परांशी तुलना करता येत नाही. मात्र एका माणसाची त्याच्या स्वतःच्या स्वास्थ्याशी तुलना करता येते. आकड्यांच्या अभावाला मागासलेपण समजण्याची घाई करणाऱ्या अभ्यासकाने हा भेद ध्यानात घ्यायला हवा.

तुळेवर माणूस बसत होता, पण वेगळ्या हेतूने. सर टॉमस रो याने १६१७ मध्ये मांडू येथे जहांगीर बादशहाची तुला पाहिली. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या निमित्ताने शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. जॉन फ्रायरच्या ग्रंथात समाविष्ट असलेल्या इंग्रज वकिलातीच्या वृत्तान्तात ती सुमारे १६,००० होनांची झाल्याचे म्हटले आहे. या आकड्यावरून आधुनिक वाचक लगेच पौंड आणि किलो काढू पाहतो. परंतु तो आकडा देहाचा नव्हता, दानाचा होता. तुलादानात देह हे वजन असते आणि सोने हा माल. तेथे देह जड ठरणे हे दानाच्या दृष्टीने शुभच होते.

देहाची घट हाच मोजण्याचा विषय करणारा पहिला प्रसिद्ध ग्रंथ इटलीतील सांतोरिओ या वैद्याचा. पादुआच्या विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या सांतोरिओने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचे अन्न, पाणी, मलमूत्र आणि देह यांचे वजन दीर्घकाळ केले आणि १६१४ मध्ये आपली सूत्रे लॅटिनमध्ये प्रसिद्ध केली. दिवसाला आठ पौंड खाल्ले-प्यायले, तर त्यांतील सुमारे पाच पौंड न जाणवणाऱ्या स्वेदनाने निघून जातात, हे त्याचे गाजलेले प्रतिपादन. डोळ्यांना न दिसणारी घट त्याने पौंड आणि औंसांत पकडली. लक्षणे पाहणाऱ्या वैद्याच्या जागी काटा वाचणारा वैद्य उभा राहण्याची ही सुरुवात होती.

तरीही सामान्य माणसाने स्वतःच्या घटीची कथा आकड्यांत लिहावी, याला आणखी अडीचशे वर्षे लागली. लंडनमधील विल्यम बॅंटिंग या अंत्यविधी-व्यावसायिकाने १८६३ मध्ये स्थूलतेविषयीचे एक पत्र स्वखर्चाने छापले. वय ६६, उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड. विल्यम हार्वे या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे इत्यादी वर्ज्य केले आणि सुमारे वर्षभरात ४६ पौंड वजन उतरवले. पत्रात तारीखवार वजनांचा तक्ता आहे. त्याच्या आडनावापासून इंग्रजीत एक क्रियापद तयार झाले. ते पुढे मागे पडले, पण स्वीडिश भाषेत ‘बांता’ हे क्रियापद वजन उतरवण्याच्या अर्थी आजही रूढ आहे.

बॅंटिंगचा तक्ता पौंडांत आहे, ही बाब वरवर किरकोळ वाटते. इंग्लंडात देहाचे वजन ‘स्टोन’मध्ये सांगण्याची प्रथा होती. एक स्टोन म्हणजे १४ पौंड. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील एका जुन्या दुकानात १७६५ पासून कॉफीच्या मोठ्या काट्यावर गिऱ्हाइकांची वजने करून वहीत लिहिली जात. कवी बायरनचे वजनही तेथे नोंदलेले आहे. स्टोनच्या मापाने बॅंटिंग १४ स्टोन ६ पौंडांवरून ११ स्टोन २ पौंडांवर आला. पौंडांच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीला दोन-चार पौंडांची पायरी दिसते आणि कथा पुढे सरकते. नुसत्या स्टोनमध्ये तीच कथा तीन झेपांत संपली असती. बंगाली मापाने हीच घट सव्वाबावीस शेरांच्या थोडी वर भरते आणि किलोग्रॅममध्ये २१ च्या किंचित आत. देह एकच, घटही एकच. बारीक एकक रोजचा प्रयत्न दाखवते, तर ठोकळ एकक केवळ परिणाम. व्यापारातील स्टोनची अधिकृतता १९८५ च्या कायद्याने संपली, तरी ब्रिटनमध्ये माणसे आपले वजन अद्याप स्टोनमध्ये सांगतात. घरगुती बोलीतले एकक कायद्याने सहज पुसले जात नाही.

भारतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता, कारण येथे ‘मण’ हा शब्द एक असला तरी वस्तू एक नव्हती. बंगालचा मण ८२ पूर्णांक २/७ पौंडांचा, मुंबईचा २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा. ११२ पौंडांचा मनुष्य मुंबईत ४ मण, मद्रासेत जवळजवळ साडेचार मण आणि कलकत्त्यात १ मण साडेचौदा शेर भरला असता. अशा मापांत देहाची नोंद एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेता आली नसती. दवाखाना, पलटण आणि तुरुंग या वसाहतकालीन संस्थांनी देहासाठी पौंड वापरला. धान्य शेराचे आणि देह पौंडाचा, अशी विभागणी त्यातून रुजली.

या विभागणीची कठोर बाजू १८७७ च्या दुष्काळात दिसली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील प्रौढ पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी, श्रम करणाऱ्या देहाची झीज एवढ्याने भरून निघत नाही, असा आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने या दराविरुद्ध आवाज उठवला. मद्रासेत त्याच वर्षी तो दर बदलावा लागला. येथे पौंड हे शिधा मोजण्याचे एकक होते. वाद होता तो त्या पौंडाने माणसाच्या अंगावर काय उरते, याचा. देण्याचे माप वहीत होते, घटीचे नव्हते.

तुरुंगात मात्र घटीचे मापही वहीत आले. १८९४ च्या कारागृह कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार, श्रमावर असलेल्या प्रत्येक कैद्याचे वजन निदान पंधरवड्यातून एकदा त्याच्या ‘हिस्टरी-तिकिटा’वर नोंदवणे बंधनकारक होते, आणि श्रमाने प्रकृती बिघडते असे वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत झाल्यास त्या कैद्याला ते काम देता येत नसे. अशा रीतीने कैद्याचा देह त्याच्यासाठी बोलू लागला. पण बोलण्याची भाषा पौंडाची होती आणि ऐकणारा अधिकारी होता. कैद्याने ‘मी वाळलो’ म्हणणे पुरेसे नव्हते.

म. गांधींच्या उपोषणांनी हेच माप सार्वजनिक केले. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील एकवीस दिवसांच्या उपोषणात डॉक्टरांची पत्रके हा देशभरच्या वाचनाचा विषय होता. १३ ते १८ जानेवारी १९४८ या दिल्लीतील अखेरच्या उपोषणात एक विलक्षण गोष्ट घडली. अन्न नसूनही वजन १०७ पौंडांवर स्थिरावले. आकड्याकडे पाहणाऱ्याला तो दिलासा वाटावा. डॉक्टरांना ते भयसूचक होते, कारण मूत्रपिंडांचे काम मंदावून पाणी अंगात साठत होते. न घटणारे वजन हेच घटीचे लक्षण ठरले. सांतोरिओच्या काट्याला जे पकडता आले, त्याच्या पलीकडचे काही चरकाच्या वैद्याला पाहूनच कळले असते, हे येथे स्मरते.

१९५६ च्या वजनमापे प्रमाण कायद्याने किलोग्रॅम आला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. शेर-मण बाजारातून गेले. रेल्वे स्थानकांवरील यंत्रांनी नाणे टाकताच किलोचा आकडा आणि त्याच पुठ्ठ्यावर भविष्य छापून देण्यास सुरुवात केली. ‘सात पौंडांचे बाळ’ हा प्रयोग मात्र मराठी घरांत पुढेही बराच काळ टिकला. त्यानंतरचे एकक देहापासून आणखी दूरचे आहे. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे दाखवले होते. १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी त्या गुणोत्तराला देहभार निर्देशांक असे नाव दिले. वजन किलोग्रॅममध्ये आणि उंची मीटरमध्ये घेऊन हा अंक निघतो. पौंड आणि इंच वापरल्यास ७०३ ने गुणावे लागते. केतलेचा उद्देश समूहाची सरासरी समजून घेण्याचा होता. निदानासाठी तो व्यक्तीला लावला गेला. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी येथील लोकांसाठी अतिवजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ मानली आणि कमरेचा घेर स्वतंत्रपणे मोजण्यास सांगितले: पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर. सर्वांना एकच असलेल्या मापाला पुन्हा प्रदेश आणि देहप्रकृती यांची जोड द्यावी लागली.

अंजलीपासून निर्देशांकापर्यंतच्या या प्रवासात एकक अधिकाधिक तुलनाक्षम झाले. त्याचा लाभ खरा आहे: कैद्याची झीज, दुष्काळग्रस्ताची उपासमार, स्थूलाचा आजार ही केवळ सांगोवांगीची गोष्ट राहिली नाही. परंतु प्रत्येक एककाबरोबर घटीचा वाचकही बदलला. ओंजळीचा वाचक तो मनुष्य आणि त्याचा वैद्य, पौंडाचा वाचक अधिकारी किंवा वर्तमानपत्र वाचणारा समाज, निर्देशांकाचा वाचक लोकसंख्येचा अभ्यासक. भारतीय भाषांतील आत्मचरित्रे, तुरुंगवृत्ते आणि दुष्काळाची वर्णने तुलनेसाठी वाचताना पौंडाचे किलो करून पुढे जाणे म्हणूनच अपुरे ठरते. लेखकाने घट आकड्यात सांगितली की सैल पडलेल्या अंगरख्यात, यावरून ती कोणाला सांगितली आहे हे कळते. आणि रूपांतराच्या कोष्टकात नेमके तेवढेच गळून पडते.